राजपत्र दुसऱ्या फाइलमध्ये राहिलं

रविवार, सकाळी सव्वासात. हजर: मी, नवी पेठेतल्या माझ्या मेडिकलमध्ये नऊ वर्षं काउंटर सांभाळणारी ती, आणि रिक्षासकट तिचा नवरा. जायचं होतं शहराबाहेरच्या परीक्षा केंद्रावर.

लग्नानंतर, दुकान सांभाळून, तिने फार्मसीची पदविका पूर्ण केली होती. पण आता तेवढ्यावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि तिन्ही पेपर एकाच वेळी सुटावे लागतात. नातेपुत्यात तिच्या भावाने मेडिकलसाठी गाळा धरून ठेवला होता. तिची नोंदणी झाली की दुकान तिच्या नावावर उघडणार होतं.

कागदांचं काम मी अंगावर घेतलं होतं. कागदांच्या याद्या करून दोन फाइली केल्या: एक परीक्षेची, एक नंतरच्या नोंदणीची. आमच्याकडे अजूनही काही घरांत लग्नात मुलीचं नावच बदलतात. तिचंही बदललं होतं. दहावीपासूनच्या गुणपत्रिकांवर, म्हणून हॉल तिकिटावरही, माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोन्ही एकाच बाईची असल्याचा पुरावा म्हणजे राजपत्र. ते मी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवलं.

आदल्या दिवशी दुकान बंद करताना तिने विचारलं होतं, "ताई, ते राजपत्र पन घेऊ का संगं?"

"यादीत आहे का?"

"न्हाय."

"मग कशाला? उगीच हरवशील."

रिक्षात तिचा नवरा मला म्हणाला, "आज भाडं न्हाय हां ताई. पास झाली की पेढं घेनार, तेबी किलोभर!"

"आदी पेपर तर देऊ द्या की!" ती हसत म्हणाली.

गेटवरच्या माणसाने हॉल तिकीट पाहिलं, आधार पाहिलं. "नावं वेगळी आहेत. नावबदलाचा कागद?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या यादीकडे.

मी आणि तिचा नवरा तशीच रिक्षा फिरवून दुकानावर गेलो. शटर उघडलं, ड्रॉवर उघडला, राजपत्र घेतलं. परत पोहोचलो तेव्हा गेट बंद होऊन सात मिनिटं झाली होती. ती बाहेर कठड्यावर बसली होती, पॅड मांडीवर.

येताना नवरा एकदाच बोलला. "नऊ वरसं लोकांच्या चिठ्ठ्या वाचल्या हिनं, एक गोळी चुकली न्हाय."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. ताईंनी काय मुद्दाम केलं का?"

तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मीही त्या वेळी गेटवरच्या माणसालाच नावं ठेवत बसले.

दोन महिन्यांनी भावाने त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकलं. ती अजून माझ्याच काउंटरवर आहे. आता मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती न विचारता करते. पूर्वी दहा वेळा विचारायची.

पुढच्या परीक्षेचे फॉर्म सुटलेत. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा, "बघू की ताई."

शेवटची तारीख शुक्रवार. माझ्या यादीत फोटो, झेरॉक्स, राजपत्र, सगळ्यांवर खुणा झाल्यात. सगळ्यात वरची ओळ तेवढी तशीच आहे: तिला सांगणे, तू विचारलंस ते बरोबर होतं, चूक माझी.