जमिला आपांचा दगड

जमिला आपा कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघायच्या. पोपडे आलेला चुना, गोणपाट, ट्रकच्या फाळक्यावरचा गंज, काही आवडलं की पर्समधून मोबाइल निघायचा. एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाला उठवून त्याच्या खुर्चीच्या विणीचा फोटो घेतला. "बस बाबा आता. तुझे फोटो काढणारे लई हायत," म्हणाल्या.

नळदुर्गला हायवेलगत माझं वेबसाइट बनवायचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आपा आधी मुलींना भरतकाम शिकवायच्या. पन्नाशीत माझ्याकडे कॉम्प्युटर शिकल्या आणि तिथंच कामाला राहिल्या. वेबसाइटच्या पानामागची नक्षी त्या असल्या फोटोंवरून करत. एकच लहान चौकोन बनवायचा, तोच शेजारी शेजारी मांडून सगळं पान भरायचं आणि जोड कुठंही दिसू द्यायचा नाही. "डावा काठ उजव्याला जुळाय पायजे, वरचा खालच्याला," त्या म्हणत. "सोयरिकीगत हाय हे. मधलं कसंबी निभतं, भांडणं काठावर होतात."

जळकोटच्या एका फरशीवाल्या शेठचं काम आम्हाला मिळालं. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. आपांनी पानामागे पांढुरका, तपकिरी ठिपक्यांचा दगड पसरला. शेठ खूश झाले.

"कुठला हो हा दगड?"

"बेंबळीकडचा," आपा शांतपणे म्हणाल्या.

मी खाली मान घालून हसू दाबलं. तो दगड म्हणजे आपांच्या डब्यातली भाकरी होती. ज्वारी मात्र खरंच बेंबळीची, त्यांच्या माहेरची.

पंधरा दिवसांनी शेठ तणतणत आले. "तीन गिऱ्हाइकं तोच दगड मागायलेत. एकाला तर देवघराला पायजे. म्या बेंबळीला माणूस धाडला, तर सगळं गाव त्याला हसलं."

आपांनी डबा उघडला आणि भाकरी स्क्रीनशेजारी धरली. शेठनी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं.

"माझी चेष्टा केलीत," ते हळूच म्हणाले. "काम बंद करा."

आपांचा चेहरा उतरला. "शेठ, चूक माझी हाय. या पोरीला ठावं असून ती गप बसली, ते माझ्या भिडेनं. तिचं काम काढू नका. गिऱ्हाइकांना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या दुरडीभर भाकऱ्या आणि ठेचा घेऊन जळकोटला गेल्या. शेठनी तिन्ही गिऱ्हाइकांना बोलावून घेतलं होतं. आपांनी त्यांना दुकानातच जेवायला बसवलं. "हा तुमचा दगड. गरम हाय तवर खावा." दोघांनी हसत हसत दुसरी फरशी निवडली. तिसरा मात्र अडून बसला, याच रंगाची पाहिजे म्हणाला. तेव्हा शेठनाही हसू आवरेना. "पान ऱ्हाऊ द्या तसंच," ते मला म्हणाले. "फकस्त खाली लिव्हा, हा माल विक्रीला न्हाय."

गेल्या वर्षी आपा लेकीकडे हैदराबादला राहायला गेल्या. निघायच्या दिवशी मी त्यांना किल्ल्याच्या दगडावरून केलेली माझी नक्षी दाखवली. चष्मा लावून त्यांनी खूप वेळ पाहिलं, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, "इथं जोड दिसायलाय बघ," म्हणाल्या आणि जिना उतरून रिक्षात बसल्या. मी तो कोपरा मोठा करकरून पाहिला. काही सापडेना. संध्याकाळी फोन लावला.

"आपा, जोड कुठंय?"

"न्हायच तिथं," त्या म्हणाल्या. "मी निघताना तू रडली असतीस. म्हणून लावलं कामाला."