गोजरचं मागलं दार

टोकावड्याजवळच्या पाड्यावर देवरामचं घर होतं. कारवीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर. गोजर लग्न होऊन तिथं आली आणि काही दिवसांतच तिनं घरच्यांना कामाला लावलं. कुडाला टेकलेली पेंढ्याची उडवी तिनं खळ्याच्या पलीकडे न्यायला लावली. चुलीवरच्या माळ्यातली सुकी लाकडं खाली काढली. रोज स्वयंपाक आटोपला की निखाऱ्यांवर पाणी मारून हात लावून बघायची.

खर्डीकडे तिचं माहेर. ती लहान असताना ते घर जळालं होतं. पुढच्या दाराला आग लागली, तेव्हा बापानं कुऱ्हाडीनं मागचा कूड फोडून सगळ्यांना बाहेर ओढलं होतं. म्हणून पोरं झाल्यावर गोजर नवऱ्याला म्हणाली, "मागल्या अंगाला दार काढा."

सासू बाईजा पान लावत बसली होती. ती म्हणाली, "घराला पाठ आसावी गो. पाठीला भोक कशाला? चोरांची सोय?"

"चोर येऊन नेईल काय आत्याबाई? नाचणी?"

देवराम हसला. त्यानं दार काढून दिलं. बाईजा मात्र त्या दारानं कधी गेली नाही. परसात जायचं तरी पुढूनच वळसा घालून जायची. पाड्यावर लोक विचारायचे, "देवराम, आज कंच्या दारानं येऊ?"

अडतीस साली चैत्रात सगळे भाताच्या रोपांच्या जागी पाचोळा जाळून राब भाजत होते. दुपारी वारा सुटला. शेतातल्या पेटत्या पाचोळ्याची ठिणगी उडून देवरामच्या पुढल्या वळचणीला पडली. घरात बाईजा, दोन नातवंडं आणि बांधलेलं वासरू होतं.

शेतातून धूर दिसताच गोजर धावत सुटली. मागून देवराम, त्याच्या मागून शेजारची रखमी हंडा घेऊन. पुढलं दार दिसतच नव्हतं. घराला वळसा घालून ती मागं गेली, तर आंब्याखाली बाईजा बसलेली. एक नातू मांडीवर, नात पदराला धरून, आणि शेजारी पानाचा डबा.

गोजर मटकन खाली बसली.

"बसतेस काय? वासरू मी सोडलाय. छप्पर वड," बाईजा म्हणाली.

मग गोजर उठली. लांब आकडीनं तिनं आणि देवरामनं पेटतं गवत खाली ओढलं, रखमी आणि बायांनी त्यावर ओली घोंगडी टाकली. पुढचं अर्धं छप्पर गेलं, भाताची कणगी वाचली. बाकी कुणाच्या घराला झळ लागली नाही.

चार दिवसांनी पाडा जमला. कुणी बांबू आणले, कुणी गवताचे भारे. पुरुष वर चढले. बाईजा खाली उभी राहून सांगत होती, "दार मागल्या अंगालाच पायजे. मी तवाच बोललू होतू यांना."

देवरामनं वरून गोजरकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"खरं हाय आत्याबाईंचं," ती म्हणाली, आणि सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायला रखमीच्या अंगणात गेली.

त्या पावसाळ्याआधी देवरामला स्वतःच्या शेतात जायला उसंत मिळेना. ज्याच्या त्याच्या घरी त्याला मागला कूड कापायला बोलावत होते.