चाळीसच्या चाळीस

मत्स्यपालन केंद्रात थोरलीला सगळे ‘काटा’ म्हणतात. मासा हातात घेतला की ती वजन सांगते, आणि ते सहसा चुकत नाही. दोघी बहिणी माझ्याच वर्गातून गेल्या. थोरलीची वही देखणी. धाकटीचं अक्षर गिचमिड, पण हात आधी तिचाच वर. थोरलीच्या कपाळावरची आठी मी तेव्हापासून ओळखते.

एकोणीस वर्षं थोरली टाक्यांवर राबली. धाकटी पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी तिथल्याच प्रयोगशाळेत आली. आता पैदास विभागाला प्रमुख नेमायचा होता, आणि साहेब ऊठसूट धाकटीलाच हाक मारत.

धाकटीकडे एक नर होता. मासा भराभर वाढावा म्हणून त्याच्या वंशात बाहेरून एक जनुक घातलेलं. ते नराच्या गुणसूत्रांच्या जोडीत एकाच बाजूला असलं तर निम्म्या पिलांत उतरतं. दोन्हीकडे असलं तर सगळ्यांत. साध्या मादीपासून झालेली त्याची पिलं तपासली की उलगडा होणार.

“ताई, चाळीस पिलं काढून दे ना.”

थोरलीने दिली. धाकटीने शेपटीच्या पराचे तुकडे तपासले. चाळीसच्या चाळीस पिलांत जनुक! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

“तुझी भाचरं पहिली आली गं, ताई!”

“मावशीवर गेली असतील,” थोरली म्हणाली आणि कप तसाच ठेवून उठली.

टाकीपाशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तीन आठवड्यांपूर्वी तिने पिलं निवडली होती, मोठी इकडे, बारकी तिकडे. नाहीतर दांडगी पिलं बारक्यांचं खाद्य खातात. हे ती कायम करते, कुणाला सांगत नाही. दिलेली चाळीसही मोठ्यांच्याच टाकीतली, म्हणजे जनुकामुळे भराभर वाढलेलीच. मुद्दाम नव्हतं केलं. पण आता कळूनही ती गप्प बसली. पडू दे एकदा तोंडावर!

दोन दिवस ती खुशीत होती. तिसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम आला: यापुढे हाच नर, बाकीचे काढून टाका. बाकीचे म्हणजे तिने बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले.

ती तडक प्रयोगशाळेत गेली.

“बारक्यांची टाकी बघितलीस का गं, पंडिता?”

“कुठल्या बारक्यांची?”

थोरलीने सगळं सांगितलं. गप्प बसले होते, हेसुद्धा. धाकटीने बारकी पिलं तपासली. एकातही जनुक नाही. म्हणजे निम्मीच.

धाकटी तशीच साहेबांकडे गेली. “चूक माझी, पकडली ताईने. प्रमुख तिलाच करा.” दोन दिवसांचं गप्प बसणं तिने सांगितलंच नाही.

नेमणुकीचं पत्र घेऊन थोरली माझ्याकडे आली. मी अभिनंदन केलं, तर तिचे डोळे भरले.

“बाई, हेही तिनंच दिलं मला. तिच्या जागी मी असते ना, तर दिलं नसतं.”