झेंड्यामागे न चालणारे आतोबा

वाट चुकता यावी म्हणून घराबाहेर पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे आतोबा. माझ्या एकुलत्या एका आत्याचे हे यजमान. वसईजवळ गिरीजला त्यांची केळीची वाडी आहे. वाडीत ते फार शिस्तीचे. पाण्याची पाळी, बांधबंदिस्ती, सगळं जिथल्या तिथे. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की ती शिस्त फाटकालाच टांगून ठेवल्यासारखे निघत. गिरीजहून एव्हरशाईन सिटीत आमच्याकडे यायला रिक्षा मिळते, सरळ रस्ता आहे. आतोबा मात्र एका रस्त्याने दोनदा आल्याचं मला आठवत नाही. आमच्या वास्तुशांतीला ते पोचले तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या आणि भांडी घासली जात होती. सोबत एक अनोळखी गृहस्थ होते. ‘यांनी रस्ता दाखवला, यांनाही भूक लागली असेल,’ एवढीच ओळख करून देऊन आतोबा हात धुवायला गेले. आत्या बिचारी सकाळीच एकटी येऊन स्वयंपाकघरात कामाला लागली होती.

लांबच्या प्रवासाला आत्या सोबत असे, पण त्यांचे नियम तिथेही हेच. परतीचं तिकीट आधी काढायचं नाही, कारण परत कधी यावंसं वाटेल हे माणसाला आधी कसं कळणार. राहायची जागा गावात पोचल्यावर शोधायची. रस्ता तिघांना विचारायचा आणि चौथा जो सांगेल त्या रस्त्याने जायचं. मोबाइल शक्यतो पिशवीच्या तळाशी ठेवायचा. तो हातात असला की पाय आळशी होतात, असं त्यांचं मत. गुजरातेत ते एकदा देऊळ बघायला म्हणून निघाले आणि एका कुंभाराच्या अंगणात संध्याकाळपर्यंत बसले. देऊळ राहिलंच. ‘देव काय, तो आहेच तिथे. कुंभाराचा चाक फिरवण्याचा हात पुन्हा दिसला नसता,’ हे मला त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की देवळाची बाजू घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

सहल कंपन्यांवर त्यांचा विशेष राग होता. एकसारख्या टोप्या घालून, पुढच्या माणसाच्या हातातल्या झेंड्याकडे नजर लावून चालणारी वयस्कर मंडळी दिसली की ते खरोखर कळवळत. माणसाने जन्मभर नोकरीत साहेबाच्या मागे चालायचं आणि म्हातारपणी पैसे भरून पुन्हा कुणाच्यातरी मागे चालायचं, हे त्यांना पाहवत नसे.

आत्याला मात्र नेमकी तीच सहल हवी होती. सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा ती मला म्हणाली की सकाळी गरम पाणी मिळेल का, रात्री कुठे झोपायचं, याची काळजी एकदा तरी दुसऱ्या कुणी करावी. आणि बोलायला चार बायका असाव्यात. यावरून दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. आत्या विषय काढायची, आतोबा वाडीत निघून जायचे. शेवटी आम्ही भाच्या-पुतण्यांनी मध्ये पडून हिमाचलच्या एका सहलीत दोघांची नावं घातली. आतोबांनी विरोध केला नाही. दाढ काढायला निघालेल्या माणसासारखी बॅग भरली, एवढंच.

सुरुवातीचे दिवस त्यांनी निभावले. टोपी घातली, सांगितलेल्या जागी फोटोला उभे राहिले. मग किन्नौरमधल्या एका उंचावरच्या गावी दुपारी सगळ्यांना विश्रांती दिली होती. आत्या खोलीत पडली. आतोबांना खिडकीतून चढावरची सफरचंदाची बाग दिसली. ‘जरा बघून येतो,’ म्हणाले. मोबाइल खोलीतच होता.

त्या दुपारी मला फोन आला तो सहलीच्या व्यवस्थापक बाईंचा. आत्याला दम लागला होता, विरळ हवा तिला सोसली नव्हती. गावातल्या छोट्या दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला होता. तिचे यजमान कुठे गेलेत हे मला ठाऊक आहे का, असं त्या विचारत होत्या. वसईत बसून मी काय सांगणार होतो? आत्याच्या सोबत कोण आहे, एवढंच मी विचारलं. सहलीतल्या नाशिकच्या एक निवृत्त परिचारिका तिच्याजवळ बसल्या होत्या.

पुढचं मला आतोबांनीच सांगितलं, काही न लपवता. बागेच्या म्हाताऱ्या मालकाशी त्यांची गट्टी जमली होती. एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती, पण झाडांविषयी बोलायला तेवढी पुरली. उतरताना आतोबा वाट चुकले आणि उन्हं कलल्यावर हॉटेलात पोचले, खिशात आत्यासाठी घेतलेली सफरचंदं. तिथून धापा टाकत दवाखान्यात. आत्याचा श्वास तोवर बराच सावरला होता. परिचारिका बाई उठल्या आणि त्यांनी खुर्ची आतोबांना देऊ केली. आतोबा म्हणाले, “बसा तुम्ही. तुम्ही इथे होतात.” आणि ते खाटेच्या पायथ्याशी उभेच राहिले.

आत्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आतोबा मला म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, “इतकी वर्षं आपण दोघं फिरलो. तुम्ही गावं बघितलीत, मी तुमची वाट बघितली.”

ते परत आले, आत्या हळूहळू हिंडूफिरू लागली. उंचावर जाऊ नका, बाकी कुठेही जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण आतोबांचं फिरणं थांबलं. आमच्याकडे यायचे ते आत्याच्या शेजारी रिक्षात बसून, सरळ रस्त्याने, सांगितलेल्या वेळेला. कुटुंबात सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, पण दार उघडल्यावर त्यांच्यासोबत कुणी अनोळखी माणूस नाही, हे जरा चुकल्यासारखं वाटायचं.

पुढल्या हिवाळ्यात आतोबांनी आपण होऊन दक्षिणेची सहल ठरवली. कर्नाटक, सपाटीचा प्रदेश, बसप्रवास. या सहलीचं आत्याने सांगितलं ते असं. आतोबा सबंध वेळ तिच्यासोबत होते. झेंड्यामागून चालले, राजवाड्यात माहिती ऐकली, तिची पाण्याची बाटली धरली. कुणाशी आपणहून बोलले नाहीत. बसच्या खिडकीतून बाहेर बघायचे, आणि ती आपल्याकडे बघतेय हे लक्षात आलं की नजर आत घ्यायचे. “माणूस शेजारी होता रे, पण मला त्याची सोबतच वाटेना,” आत्या म्हणाली.

एका दुपारी कावेरीकाठी जेवणासाठी बस थांबली. नदीत टोपलीसारख्या गोल नावा होत्या, पलीकडच्या गावातली माणसं त्यातून ये-जा करत होती. आतोबा काठावर उभे राहून बघत होते. बस सुटायची वेळ झाली तसे ते मुकाट्याने वळले आणि बसच्या दिशेने चालू लागले. त्यांना तसं वळताना आत्याने पाहिलं. ती व्यवस्थापकांकडे गेली आणि म्हणाली की आम्ही दोघं इथेच थांबतो, नावेतून पलीकडे जाऊन येतो, संध्याकाळी रिक्षा करून हॉटेलवर येऊ. त्यांनी बरंच समजावलं. आत्या बधली नाही.

आतोबांना हे कळलं तेव्हा ते घाबरले. तिला म्हणाले, “तुला पाण्याची भीती वाटते.”

“वाटते,” आत्या म्हणाली. “म्हणून तर तुम्ही बरोबर पाहिजे.”

नावाड्याने तिला हात देऊन नावेत बसवलं. नाव स्वतःभोवती फिरायला लागली तशी आत्याने आतोबांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. पलीकडच्या गावाचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. तिथे त्यांनी काय पाहिलं म्हणाल, तर सांगण्यासारखं काही नाही. एका घराच्या ओट्यावर बसून त्यांनी ताक प्यायलं, आणि त्या घरातल्या बाईने आत्याला शेवंतीची वेणी दिली. ती माळूनच आत्या हॉटेलवर परतली. रात्रीच्या जेवणाला सहलीतल्या सगळ्या बायकांनी तिला घेरलं, आणि त्या दिवशी बोलायचं ते तीच बोलली.

त्यांचा लांबचा प्रवास तो शेवटचाच. गेल्या वर्षी आतोबांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. आता ते पडवीत बसून असतात, बोलणं थोडं अडखळतं. कुणी पाहुणा आला की आत्या कावेरीची गोष्ट काढते. सांगताना ती नदी दर खेपेला थोडी रुंद होते, पाण्याला ओढ वाढते, आणि नाव पलीकडे पोचायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आतोबांना सगळं नीट आठवतं. ते तिच्याकडे बघत राहतात आणि एका शब्दानेही दुरुस्ती करत नाहीत.