आवाजातला दाणा

गल्लीतले सगळे त्याला कानसेन म्हणत. रेडिओ बिघडला, की झाकण न उघडता नुसतं ऐकून दोष सांगायचा. रेडिओ गेले तसा तो गिटारवाल्यांना पेडल बनवून देऊ लागला. पेडल म्हणजे पायानं दाबायची पत्र्याची डबी. दाबली की गिटारचा आवाज हवा तसा फाटतो.

त्यात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा दाण्याएवढा सुटा भाग, कुठल्या जातीचा लावायचा, इथं त्याची सगळी अक्कल पणाला लागायची. एक सिरॅमिकची पिवळी टिकली, एक हिरवा, फुगीर पॉलिस्टरचा. दोन्हींवर आकडा एकच. पण हेडफोन लावून तार छेडली, की टिकलीत त्याला काहीतरी भरड लागायचं.

"दाणा आहे यात, दाणा!" तो मोठ्या बहिणीला सांगायचा. त्याच लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची शिलाई मशीन.

"असेल बाबा. मला तर दोन्ही डॉक्टरच्या गोळ्या वाटतात."

टिकलीवालं पेडल एक गिटारवाला हेडफोनवर ऐकून खुशीत घेऊन गेला. चौथ्या दिवशी परत.

"काका, इथला दाणा माझ्या घरी येतच नाही. शनिवारी कार्यक्रम आहे. नाही जमलं तर दुसरीकडून घेतो."

कानसेननं लावून पाहिलं. दाणा होता. वायर बदलली, बॅटरी बदलली. गिटारवाला घरी नेऊन पुन्हा आला: नाही. कानसेनची झोप उडाली. कान गेले म्हणावं तर इथं ऐकू येतंय. शाबूत म्हणावं तर तिथं का नाही? कान गेलेल्या कानसेनला कोण विचारतो?

शुक्रवारी दुपारी तो तार छेडत होता आणि दाणा मध्येच गेला. मान वर केली. ताई दोरा ओला करून सुईत ओवत होती. तिनं मशीन सुरू केली, दाणा आला. थांबवली, गेला.

त्यानं पेन्सिलीनं टिकलीवर टकटक केलं. हेडफोनात टुक, टुक. टेबल थरथरलं की टिकलीही थरथरायची, आणि ती थरथर आवाजात उतरायची. हिरव्यावर टकटक केलं: काही नाही.

"म्हणजे दाणा माझा होता तर!" ताई हसून हसून बेजार.

"हसू नकोस. मशीन बंद ठेव. मी डोळे मिटतो, तू कधी टिकली, कधी हिरवा लावत जा."

दहापैकी पाच ओळखले.

"नाणं उडवलं असतंस तरी एवढेच आले असते रे."

त्यानं मग टिकली काढून हिरवा जोडला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी गिटारवाल्यानं डबी हातात घेतली. "काका, आता दाणा आहे ना यात?"

"नाही. टिकली काढून हिरवा कपॅसिटर लावलाय. दाणा ताईच्या मशीनचा होता. मला कळलंच नाही."

गिटारवाला कधी त्याच्याकडे, कधी मशीनकडे बघत राहिला. "मग दोन्हींत फरक काय?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

"आणि मला दाणा हवाच असेल तर?"

ताईनं टिकली भावापुढे सरकवली आणि मशीन पेटीत ठेवत विचारलं, "कार्यक्रम किती वाजता आहे?"