मेट्रनबाईंचं कोपर

मेट्रनबाई कुठल्याही गोष्टीत बोट घातल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. उपमा गरम आहे असं कॅन्टीनवाल्याने सांगितलं तरी त्या बशीत करंगळी खुपसायच्या आणि "खोटारडा" म्हणून बशी परत करायच्या. नवी खुर्ची आली की तिच्या गादीत बोट, कोणी अंग दुखतंय म्हणालं की त्याच्या बरगडीत बोट. पहिल्या दिवशी मी सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी माझ्या दंडात बोट रुतवलं आणि म्हणाल्या, "जेवत जा."

खरं तर त्या मेट्रन कधीच नव्हत्या. शिरवण्याच्या आगरी घरातली ही बाई एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं सिस्टर होती. सर्जनने चुकीचं हत्यार मागितलं तर काही न बोलता बरोबरचं हातात ठेवायची, म्हणून हे नाव पडलं म्हणे. निवृत्तीनंतर आमच्या रबाळ्याच्या कंपनीने त्यांना चाचणीच्या कामावर घेतलं. रिपोर्टवर जुन्या सिस्टरची सही असली की डॉक्टरांवर छाप पडते, असा डायरेक्टरसाहेबांचा हिशोब. बाई सहीशिवाय आणखी काही करतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आम्ही बनवत होतो ते यंत्र मणक्यात स्क्रू बसवताना सर्जनला वाट दाखवायचं. पेशंटच्या मणक्याला चिमट्याने एक लहान चौकट घट्ट लावायची. तिच्यावर चकचकीत गोळ्या. कॅमेरा त्या गोळ्या बघतो आणि सर्जनच्या हातातलं हत्यार हाडात नेमकं कुठे पोचलंय ते पडद्यावर काढून दाखवतो. वाट बरोबर असली की हिरवी रेघ. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर स्क्रू मज्जारज्जूत जाऊन माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो, म्हणून ही हिरवी रेघ आम्हाला कुलदैवतासारखी होती.

चाचणी बोकडाच्या मणक्यांवर चालायची. मणके आणायला खरेदी विभागाने तीन दुकानांची कोटेशनं मागवायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला आणि शिरवण्यातल्या आपल्या मटणवाल्याकडून स्टीलच्या डब्यातून मणके आणायला सुरुवात केली. न तोडता अख्खा कणा मागणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. हे शिजवता कशावर, असं त्याने विचारलं, तर बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरवर. ऑफिसच्या फ्रिजमध्ये तो डबा दिसल्यापासून अकाउंट्सच्या शाकाहारी मंडळींनी आपले डबे खिडकीत हलवले. बाईंना त्याचं काही नव्हतं. मणका टेबलावर बांधताना त्या बोकडाशी बोलायच्या, "आता दुखनार नाय हां बाळा, तुझं झालंय सगलं."

स्क्रू बसला की आम्ही सगळे पडद्याकडे बघायचो. बाई मणक्याच्या मधल्या मोकळ्या पोकळीत करंगळी घालून भिंत चाचपायच्या. स्क्रूचं टोक बोटाला लागलं नाही तर पास. महिनाभर एकही टोक लागलं नाही. मी रिपोर्ट लिहून सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

बाईंनी तो ओळीवर बोट फिरवत वाचला आणि एका ठिकाणी थांबल्या. मी लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेदरम्यान चौकट स्थिर राहते असे गृहीत धरले आहे.'

"गृहीत धरलंय म्हंजे?"

म्हणजे तसं मानून चाललोय, मी म्हटलं.

"पेशंटला विचारून मानलंस?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला थिएटर म्हणजे काय ते सांगितलं. चार-चार तासांचं ऑपरेशन, टेबलाभोवती पाच माणसं, पाठ अवघडलेला असिस्टंट मिळेल त्याच्यावर टेकतो, आणि टेकायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ही तुमची चौकट. "डॉक्टर देव नसतात रे. देवाला चार हात असतील, पन त्याची कोपरं कोनाला लागत नाय. यांची लागतात."

मग त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, चौकटीवर कोपर टेकवलं, जरा रेलल्या आणि म्हणाल्या, बसव आता. मी पडद्याकडे बघत स्क्रू बसवला. रेघ शेवटपर्यंत हिरवी. बाईंनी करंगळी आत घातली, माझा हात धरला आणि माझी करंगळी घातली. टोक लागलं. चांगलं अणकुचीदार.

चौकट हाडावर जरा सरकली होती. यंत्राला मात्र ती आणि हाड अजून एकच वाटत होतं. हे होऊ शकतं हे मला माहीत होतं. म्हणूनच तर ते वाक्य लिहिलं होतं.

डायरेक्टरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले की चौकट नीट धरणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी. शुक्रवारी एक नामांकित सर्जन यंत्र बघायला येणार होते, त्यांना ते आवडलं तर पहिलं ऑपरेशन त्यांच्याच इस्पितळात. सर्जन येऊन गेल्यावर बघू, असं ठरलं. मी मान डोलावली. बाई वाद न घालता मणका डब्यात भरायला लागल्या, तिथेच मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी सर्जन आले आणि बाईंना बघून एकदम विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. शिकाऊ असताना ते बाईंच्याच थिएटरात होते. सिस्टर, तुम्हीच असिस्ट करा, म्हणाले. बोकडाच्या मणक्यात दोन स्क्रू झकास बसले. तिसऱ्याला बाई जरा पाठ ताणून चौकटीवर रेलल्या. मला दिसलं. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता, पण मी साहेबांकडे बघत राहिलो.

हिरवी रेघ बघून सर्जन खूश झाले. बाई म्हणाल्या, "सर, आत बोट घाला."

त्यांनी घातलं. टोक लागलं. बोट बाहेर काढून त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केलं असतं तर तुमाला कललं असतं, सर. रोज होतं तसंच केलं."

सर्जन हात धुऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, की हे दुरुस्त झाल्याशिवाय माझ्या पेशंटजवळ आणू नका. डायरेक्टरसाहेबांनी त्या दिवसापासून बाईंना कोपरापासून नमस्कार केला. करार संपला तो पुढे वाढवला नाही. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. बाईंनी फ्रिजमधून आपला डबा काढला, मला म्हणाल्या, "तू वाईट नाय. घाबरट हायस. त्याला औषध हाय," आणि रिक्षा बघायला गेल्या. औषध कोणतं ते सांगितलं नाही.

मी ते वाक्य रिपोर्टमधून काढलं. मग ते काढता यावं म्हणून वर्षभर काम केलं. आता प्रत्येक स्क्रूआधी यंत्र सर्जनला हाडावरच्या एका ठरलेल्या खुणेला टोक लावायला सांगतं. जुळलं नाही तर रेघ लाल होते आणि यंत्र पुढे जायला नकार देतं.

पहिलं ऑपरेशन त्याच सर्जनच्या हातून झालं. पेशंट कळंबोलीच्या लोखंड बाजारातला माथाडी, गाडीवरून पडून मणका मोडलेला. मी कोपऱ्यात उभा होतो. चौथ्या स्क्रूला रेघ लाल झाली. सर्जन करवादले, मग वाकून चौकट तपासली. सरकली होती. कोणाच्या कोपराने, ते कोणालाच कळलं नव्हतं. ती नीट लावून, पुन्हा सगळी जुळवणी करून त्यांनी पुढचे स्क्रू बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात त्या माणसाने पायाची बोटं हलवलेली मी पाहिली आणि जिन्यातूनच बाईंना फोन लावला. यंत्र लाल झालं, तुमच्यामुळे झालं, असं बरंच काही बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोटं हलली म्हंतोस. दोन्ही पायांची?"

मी आठवून बघितलं. उजव्या पायाची हलली होती. डावा चादरीखाली होता. पण तोही हलत असणारच, मी म्हटलं.

"असनारच," बाईंनी माझाच शब्द मला परत दिला. मग म्हणाल्या, "जा, बघून ये. मी फोन धरते."

मी परत वर गेलो. माथाडी जागा होता. त्याची परवानगी घेतली आणि चादर उचलली.