काळ्या छत्रीतला काजवा

"वायच काळोख करा रे!" भर दुपारी, डिचोलीच्या बाजारात, असं फर्मान सोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, माझा शेजारीच होता. फर्मान सोडून तो स्वतःच काळी छत्री उघडायचा, खांद्यापर्यंत ओढून उकिडवा बसायचा आणि आत गडप! बाहेर उरायचे फक्त दोन पाय.

प्रयोगशाळेतून निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, याने कागदाच्या पट्ट्या मागून घेतल्या. भाजी किंवा मासळी कुटायची, बाटलीतल्या द्रावात ढवळायची, पट्टीवर थेंब टाकायचा, निळी टॉर्च मारायची. पट्टी काजव्यासारखी चमकत राहिली तर माल चांगला. चमक विझली तर त्यात शिसं नाहीतर तसलाच घातक धातू. मग छत्रीतून आवाज यायचा, "दिवो गेलो!" आणि बाजार हादरायचा.

एकाच टोपलीपाशी छत्री कधी उघडली नाही. ती टोपली त्याच्या थोरल्या बहिणीची. आमोण्याला ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती तिसऱ्या काढायची आणि बाजारात विकायची. आई लवकर गेली. त्या शिंपल्यांवरच बहिणीने याला शिकवलं होतं.

मासळीवाल्या सोडतात होय? "मास्तर, आमचे बांगडे तपासतास, बायच्या टोपलेक काय देवान शिक्को मारलो?"

शेवटी छत्री उघडली. मला नसत्या चौकशा फार. मीही आत डोकं घातलं. थेंब पडला तिथे पट्टी काळी पडली. त्याने दुसरी पट्टी घेतली. तीही काळी. त्याची बोटं माझ्या मनगटात रुतली.

बाहेर येऊन तो हसला. "दिवो लागलो! बाय, सगळी टोपली माका."

झालं, अडकला! कुणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून दर बाजाराला तो सगळ्या तिसऱ्या उचलायचा आणि परसात पुरायचा. वास काही पुरला जात नाही. माझी खिडकी साक्षीला होती.

"सांगून टाका ना," मी म्हटलं.

"आणि मगे ती खाईत काय? तिका दुसरां काय येता?"

बहीण मात्र खूश. भावाला आवडतात म्हणून टोपली मोठी झाली. साठी उलटलेली बाई आता छातीएवढ्या पाण्यात उतरू लागली.

एके दिवशी ती डबा घेऊन त्याच्या घरी आली. मी तिथेच होतो. "आज माझ्या डोळ्यांदेखत जेव. नातीसाठी सुकां केललां, तुकाय हाडलां."

घास त्याच्या हातातच राहिला. "नात खाता?"

"रोज! घरची वाटणी मी आधीच काढतंय. तुझ्यासारखीच हावरी."

त्याने घास खाली ठेवला आणि घरातच छत्री उघडली. "बाय, आत ये."

मला फक्त चार पाय दिसत होते. आत टॉर्चची टिचकी वाजली. मग तिचा आवाज आला, "कधीपासून म्हायत आसा तुका?"

ती बाहेर आली, डबा उचलला आणि चालू लागली. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षांनी तो गेला, तेव्हा येऊन त्याच्या घरातून छत्री तेवढी घेऊन गेली.

आता ती त्याच जागी मिरच्या विकते. छत्री मिटलेली, शेजारी. परवा मी म्हटलं, "बाय, ऊन केवढं! उघडा की छत्री."

तिने छत्रीवरची धूळ झटकली. "उघडीन. पण आत तो बसलेलो आसलो, तर काय बोलू?"